ध्रुव साधल्याशिवाय शटर दाबू नका
(दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारा मोटरचा माउंट घेतलेल्या ग्राहकांसाठी)

फेब्रुवारी ते मे हा एम 51 या सर्पिल दीर्घिकेचा हंगाम, आणि आमच्याकडे "माउंट बिघडलाय" या तक्रारींचाही. तारे रेघांसारखे आलेत, भुजा पुसल्यासारख्या दिसतात, मोटर बदलून द्या. आम्ही माउंट गच्चीवर लावून बघतो, तर बहुतेक वेळा मोटर ठणठणीत! चुकलेलं असतं ते पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूवर रोखणं.

मागच्या हंगामात कोथरूडच्या एका ग्राहकाच्या माउंटवर अक्षांश 40 ला लावलेला होता. परदेशी व्हिडिओत तसाच होता म्हणे. पुण्याच्या अक्षांशाला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, शहराच्या धुरकटात तो शोधावाच लागतो. म्हणून मग मोबाइलच्या होकायंत्रावर भागवतात. माउंटच्या तोलाची लोखंडी वजनं आणि मोटर यांच्याजवळ ते होकायंत्र भरकटतं. शिवाय ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुवबिंदू नव्हे, तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. पोलर स्कोपमधल्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर तो त्या वेळी कुठे हवा हे अॅप दाखवतं, तिथेच आणून बसवा.

अक्ष 1 अंशाने चुकला तर तारा मिनिटाला 15 विकलांपर्यंत सरकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). 3 मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये झाल्या 45. एम 51 ची लांबीच मुळात सुमारे 11 कला, म्हणजे तिच्या पंधराव्या भागाइतकं सगळं फरफटतं. मग भुजा कुठून दिसणार? ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणारा कॅमेरा) लावलात तरी गाइडचा तारा जागेवर राहतो आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती फिरतं.

याच भुजा 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये 72 इंची आरशातून पाहिल्या आणि हाताने रेखाटल्या. आज तुमची 80 मिलिमीटरची दुर्बीण भोरच्या बाजूच्या अंधारात एकूण तीन-चार तासांच्या एक्स्पोजरमध्ये त्या टिपते. एम 51 सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर शोधा. त्यासाठी सुरुवातीची वीस मिनिटं ध्रुवाला द्या, एवढंच सांगणं आहे.

बिघाड निघाला नाही तर आम्ही तपासणीचे 500 रुपये घेतो. काहींना ते खटकतं. पण एका माउंटमागे आमची अख्खी रात्र जाते, ढग आले तर दोन. नवीन माउंट देताना अर्धा तास बसवून शिकवतो, त्याचे पैसे घेत नाही. कृपया घाईत डबा उचलून नेऊ नका.

आपल्या अक्षांशाला अक्ष खूप आडवा राहतो, त्यामुळे काउंटरवेट, म्हणजे तोलाचं वजन, ट्रायपॉडच्या पायाला आपटतं. तसं होत असेल तर ट्रायपॉड आणि माउंटच्या मधला उंची वाढवणारा खांब (एक्स्टेंशन पियर) आमच्याकडे मिळतो. ध्रुवतारा इमारतीमागे लपत असेल तर कॅमेऱ्याने अलाइनमेंट करून देणारा गाइड कॅमेराही आहे, आधी लावून बघा, मग घ्या.

तपासणीला येताना नुसतं माउंटचं डोकं आणू नका. ट्रायपॉड, वजनं, पॉवर केबल आणि बिघडलेले मूळ फोटो, सगळं घेऊन या.