आयफोन, अँड्रॉइड आणि किल्ल्यांचं झाड

आयफोनवर आरसीएस, म्हणजे एसएमएसची जागा घेणारी नवी मेसेज-पद्धत आली, आता अँड्रॉइडवाल्यांशी होणारं बोलणंही सुरक्षित झालं, असा समज बराच पसरला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलने आयओएस १८ मधून आरसीएस दिलं, तेव्हा मोठे फोटो जाऊ लागले, पोचपावती दिसू लागली. मजकूर मात्र वाटेत उघडाच होता. गूगल मेसेजेसमध्ये कूटबद्धता, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची सोय, आधीपासून होती, पण दोन्ही टोकांना तेच ॲप असेल तरच. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेत हॅकर शिरल्याचं उघड झालं आणि तिथल्या 'सिसा' या सायबर सुरक्षा संस्थेने मोठ्या पदांवरच्या लोकांना कूटबद्ध ॲपच वापरायला सांगितलं. वाटेतला उघडेपणा किती महाग पडतो, ते यातून दिसलं.

मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आरसीएसच्या मानकातच टोक-ते-टोक कूटबद्धता (मजकूर फक्त दोन्ही टोकांच्या फोनवर उघडतो, मध्ये कुठेच नाही) घातली आणि ॲपलने ती देण्याचं मान्य केलं. तिचा पाया एमएलएस, म्हणजे गटातले मेसेज कूटबद्ध करण्याची ठरलेली पद्धत. हे मानक आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. मला त्यातली सर्वांत देखणी वाटते ती गटाची किल्ली, म्हणजे मजकूर बंद करायचा-उघडायचा आकडा, बदलण्याची युक्ती.

दोघांनी उघड्या वाटेवरून गुप्त किल्ली कशी ठरवायची, हे डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवलं. अवघड आहे तो गट. समजा १,०२४ जण आहेत आणि एकाला आपली किल्ली फुटल्याची शंका आली. नवी किल्ली प्रत्येकासाठी वेगळी कूटबद्ध करायची, तर १,०२३ पाकिटं तयार करावी लागतील.

एमएलएस सगळ्यांना कॅरम स्पर्धेच्या बाद फेरीच्या तक्त्यासारखं मांडतं. तळाशी सभासद, दोघांवर एक गाठ, दोन गाठींवर आणखी एक, असं करत दहाव्या पातळीला या झाडाचा शेंडा. प्रत्येक गाठीला किल्ल्यांची जोडी असते: एक जाहीर, एक गुप्त. जाहीर किल्लीने कोणीही पाकीट बंद करू शकतं, उघडतं ते गुप्त किल्लीनेच. गुप्त किल्ली त्या गाठीखालच्या सभासदांनाच ठाऊक असते. शेंड्याचं गुपित सगळ्यांना कळतं आणि त्यातून मजकुराची किल्ली निघते.

आता शंका आलेल्या त्या सभासदाचा फोन नवं गुपित तयार करतो. त्यातून वरच्या गाठीचं, त्यातून त्याच्या वरच्या गाठीचं, अशी शेंड्यापर्यंत साखळी काढतो. हे गणित एकाच दिशेने चालतं. वरच्या गुपितावरून खालचं काढता येत नाही. मग प्रत्येक पातळीवर शेजारच्या फांदीच्या जाहीर किल्लीने, दोन्ही फांद्यांवरच्या गाठीचं नवं गुपित घालून, एक पाकीट बंद करायचं. तेवढं एक पाकीट त्या फांदीखालच्या सगळ्यांना उघडतं. दहा पातळ्या, दहा पाकिटं! कोणी गटातून गेलं, की त्याच्या वाटेवरच्या गाठी रिकाम्या करतात. त्या पुन्हा भरेपर्यंत पाकिटं वाढतात, पण गेलेल्याला पुढचं काही वाचता येत नाही.

गुप्त किल्ल्या फोनमध्येच राहतात, मधल्या सर्व्हरकडे जात नाहीत. 'तिसरी टिक लाल झाली म्हणजे सरकारने मेसेज वाचून कारवाई सुरू केली' हा फॉरवर्ड म्हणूनच निव्वळ थाप आहे. तो पुढे पाठवू नका.

मात्र कोण कोणाशी कधी बोललं, ही नोंद मधल्या यंत्रणेला बरीचशी दिसत राहते. आणि संभाषणाचा बॅकअप कूटबद्ध नसेल, तर या किल्ल्यांनी जपलेला सगळा मजकूर तिथे उघडा पडलेला असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते आधी तपासा.