टिश्यू कल्चरची रोपं वेगळी, औषध शोधणाऱ्या पेशी वेगळ्या

स्मृतिभ्रंशावरच्या नव्या औषधांसाठी प्रयोगशाळेत वनस्पतींच्या पेशी वाढवतात, असं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे टिश्यू कल्चरच ना?" बातम्यांतही तेच छापून येतं. फार वर्षं ऐकतेय हे.

टिश्यू कल्चरची रोपं, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली, सगळ्यांच्या परिचयाची आहेत, ती जास्त समजावत बसत नाही. निर्जंतुक बाटली, साखर, क्षार, संप्रेरकं रोपवाटिकेत आणि औषधशोधात, दोन्हीकडे लागतात. १९६२ सालचं मुराशिगे-स्कूग माध्यम, म्हणजे पेशी वाढवण्याचं पोषक मिश्रण, तेही दोन्हीकडे चालतं. एकीकडे शेवटी रोप मातीत जातं, दुसरीकडे पेशी किंवा मुळं बाटलीतच राहतात. हे फरक वरवरचे.

खरी गफलत होते ती वेगळेपणाच्या बाबतीत. रोपवाटिकेला मातृवनस्पतीची हुबेहूब प्रत हवी असते. एखादं रोप निराळं निघालं की ते काढून टाकतात. औषधशोधात मात्र पेशींच्या जनुकांत मुद्दाम फेरफार करतात आणि निराळी निघालेली पेशी जपतात, कारण नवा रेणू मिळाला तर तिच्यातच मिळणार. पण असंख्य पेशींतून ती ओळखायची कशी? इथली युक्ती मला फार आवडते. लोबेलिया कार्डिनॅलिस या वनस्पतीच्या मुळांत माणसाच्या मेंदूतलं, डोपामाइन हा संदेशवाहक रेणू वाहून नेणारं प्रथिन बसवलं गेलं. हे प्रथिन एमपीपी-प्लस नावाचं विष पेशीत ओढून घेतं आणि पेशी मरते. मात्र या वाहकाला अडवणारं रसायन जी पेशी स्वतःच बनवते, ती तगू शकते. म्हणजे छाननीचं बरंचसं काम विषच करतं. डोपामाइनचा संबंध मुख्यतः पार्किन्सन्सशी. स्मृतिभ्रंशासाठी पेशीत बसवायचं प्रथिन बदलावं लागेल.

गॅलँटामाइनचं उदाहरण इथे देऊ नका, ही कळकळीची विनंती. हिमफूल (स्नोड्रॉप), डॅफोडिल या फुलझाडांच्या कंदांतला हा रेणू आधीपासून माहीत होता. अल्झायमरसाठी अमेरिकेत त्याला २००१ साली मंजुरी मिळाली. तो कल्चरमध्ये बनवणं म्हणजे ओळखीच्या रेणूचं उत्पादन, शोध नव्हे. शिवाय त्याने लक्षणं काही काळ सौम्य होतात, आजार थांबत नाही.

आणि "औषध सापडलं" हा मथळा तर नकोच. तगलेल्या पेशीतून मिळतो तो उमेदवार रेणू. तो वेगळा काढायचा, त्याची रचना ठरवायची, मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहायचं, विषारीपणा तपासायचा; माणसांवरच्या चाचण्या त्याही नंतर. घरातल्या माणसाची आठवण रोज थोडी पुसट होताना पाहणारे लोक हे मथळे वाचून डॉक्टरांना फोन करतात.