जिओसिटीजची रंगरंगोटी आली कुठून?

काळ्या आभाळात चांदण्या, त्यावर पोपटी अक्षरं, खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ‘काम चालू आहे’ अशी पाटी आणि तुम्ही कितवे पाहुणे ते सांगणारा आकडा. १९९५ ते २००० दरम्यान जिओसिटीजसारख्या, वेबपानाला फुकट जागा देणाऱ्या सेवेवर लोकांनी केलेल्या घरगुती पानांचं हे रूप आता हौसेनं पुन्हा काढलं जातं. ‘कॅप्टन मार्व्हल’ची कथा १९९५ मधली, म्हणून २०१९ मध्ये त्या चित्रपटाच्या जाहिरातीची वेबसाइटही याच थाटात केली होती.

यातलं बरंचसं आवडीनं नव्हे, नाइलाजानं ठरलेलं होतं. त्या काळच्या पुष्कळ संगणकांवर एका वेळी २५६ रंगच दिसत. विंडोज आणि मॅक दोन्हींवर सारखे दिसतील असे त्यातले उरत २१६: लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या. मधली छटा मागितली की संगणक जवळच्या रंगांचे ठिपके मिसळून वेळ मारून नेई, म्हणून भडक, सपाट रंगच बरे पडत. २८.८ केबीपीएसच्या मॉडेमवरून सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट येत, मग पानभर चित्र लावणार कोण? नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरनं १९९५ मध्ये पार्श्वभूमीला चित्र लावायची सोय दिली, तेव्हा एक-दोन किलोबाइटचा चौकोनी तुकडा फरशीसारखा पानभर जोडला जाऊ लागला. चांदण्यांचा तुकडा त्यात फार सोयीचा, कारण सांधे दिसत नाहीत! जीआयएफ हा चित्रप्रकार कॉम्प्युसर्व या अमेरिकी ऑनलाइन सेवेनं १९८७ मध्येच काढला होता, पण हलतं चित्र न थांबता फिरत ठेवायची युक्ती नेटस्केप २.० नं आणली. मग मशाली पेटल्या, टपालपेट्या उघडझाप करू लागल्या.

हे सगळं जिथं दाटीवाटीनं नांदलं ती जिओसिटीज १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी अमेरिकेत सुरू केली. आधीचं नाव बेव्हर्ली हिल्स इंटरनेट. जागा फुकट, पण ती विषयवार वस्त्यांमध्ये. सिनेमावाल्यांनी हॉलिवूडमध्ये राहायचं, विज्ञानकथावाल्यांनी एरिया ५१ मध्ये, संगणकवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत. वेबपत्त्यात वस्तीचं नाव आणि पुढे चक्क घरक्रमांक. एचटीएमएल ही वेबपानं लिहायची भाषा बहुतेक जण शेजाऱ्याच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, उघडून, आवडलेला तुकडा उचलून शिकत, म्हणून एकाची मशाल शंभर घरांत दिसे. माझ्या मते खरी ओढ या घरमालकीची आहे. आजचे नक्कलकार चांदण्या तेवढ्या उचलतात.

मालकी किती मनावर घेतली जाई ते १९९९ मध्ये दिसलं. जानेवारीत याहूनं सुमारे साडेतीन अब्ज डॉलरांना जिओसिटीज घेत असल्याचं जाहीर केलं आणि जूनमध्ये पानांवरच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगणारे नवे नियम आणले. रहिवाशांनी निषेध केला तो आपल्या पानांचे रंग उतरवून. याहूला थोड्याच दिवसांत नियम बदलावे लागले. वस्त्यांचे पत्ते मात्र मागे पडले. पुढे फेसबुक आलं आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच निळी-पांढरी चौकट आली. २६ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेतली जिओसिटीज बंद झाली. जपानी शाखा ३१ मार्च २०१९ पर्यंत तगली.

बंद होण्याआधी जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीम या, बंद पडणाऱ्या वेबसाइट जतन करणाऱ्या गटानं जमेल तेवढी पानं उतरवून घेतली आणि २०१० मध्ये ६०० जीबीहून मोठा तो साठा सर्वांना खुला केला. ओल्या लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड हे कलावंत २०१३ पासून त्यातली पानं जुन्या ब्राउझरमध्ये उघडून त्यांची चित्रं प्रसिद्ध करू लागले.

आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी पान करणाऱ्याला एक जादा अडचण होती: युनिकोड देवनागरी, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखी वाचता येणारी अक्षरं, घरोघरी पोचली नव्हती. मजकूर शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टाइप करायचा आणि ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना पानाच्या डोक्यावर द्यायची, नाहीतर कविता चक्क चित्र करून चढवायची. चित्र केलेल्या कविता जतन झाल्या असतील तर आजही वाचता येतात. फॉन्टातल्या मजकुराचं मात्र तो फॉन्ट संगणकावर नसेल तर रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं.