लॅपटॉपची ‘मेमरी’ वाढवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहिती

“मेमरी भरली आहे, वाढवून द्या,” असे सांगत येणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात हवी असते ती साठवणुकीची जागा, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरते भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क). आणि काहींनी तर आधीच ऑनलाइन मागवलेली रॅम सोबत आणलेली असते. ती परत करून दुसरी मागवण्यात त्यांचा आठवडा जातो, म्हणून हे पत्रक.

रॅम ही काम चालू असतानाची तात्पुरती जागा असून लॅपटॉप बंद होताच ती रिकामी होते. फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइल राहतात त्या डिस्कवर. त्यामुळे ‘सी’ ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल, तर कितीही रॅम बसवली तरी ती लालच राहील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून, नेहमीचे काम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे आकडे पाहावेत; येथे डिस्कचा आकडा ती किती भरली हे नव्हे, तर किती कामात आहे हे सांगतो. फक्त मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडत आहे. दोन्ही आकडे चढलेले असतील तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरते आणि त्यामुळे निरोगी डिस्कही थकलेली दिसते.

नेमका कोणता भाग हवा हे कळल्यावरही त्याचा प्रकार न पाहता खरेदी केली की चूक होते. लॅपटॉपच्या रॅमच्या पिढ्यांपैकी डीडीआर-३ ला २०४, डीडीआर-४ ला २६० आणि डीडीआर-५ ला २६२ पिना असतात. खाचेची जागाही वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावल्यास स्लॉट तुटतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच (आतील मुख्य सर्किट बोर्डला) कायमची जोडलेली असते व बदलता येत नाही. एम-डॉट-टू, म्हणजे लहान पट्टीसारख्या, एसएसडीचे साटा आणि एनव्हीएमई हे जोडणीनुसार दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे असले, तरी प्रत्येक स्लॉट दोन्ही स्वीकारतोच असे नाही.

म्हणूनच आम्ही लॅपटॉप उघडून पाहिल्याशिवाय दर सांगत नाही. तपासणी शुल्काबद्दल काहींची नाराजी असते, परंतु भाग आमच्याकडून घेतल्यास ती रक्कम बिलातून वजा होते. बाहेरून आणलेला भागही आम्ही बसवून देतो. त्याची हमी मात्र आम्हाला घेता येत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर आमचा पहिला सल्ला साध्या साटा एसएसडीचाच असतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर ही एसएसडी ५०० च्या आसपास, आणि सुरू होण्यातला फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर लॅपटॉप पुन्हा सुरू करून पाहू नये. तसाच बंद ठेवून चार्जरसह घेऊन यावा.