वर्षानुवर्षे जपून ठेवलेली क्लासिक स्पोर्ट्स कार पुन्हा चालती करताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यशाळेत जुन्या ब्रिटिश दोन-आसनी गाड्यांचे काम होते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या वडिलांनी, काकांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेल्या, काही वर्षे मनापासून चालवलेल्या आणि नंतर बंगल्यामागच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या असतात. घरच्यांनी त्या विकल्या नाहीत, भंगारात दिल्या नाहीत, हीच आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. अशी गाडी आमच्याकडे सोपवण्यापूर्वी आपण काय करावे, काय टाळावे, कोणते निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतील आणि या कामात आमच्याबरोबर येणाऱ्या हौशी मंडळींचा सहभाग नेमका कसा असतो, हे समजावे म्हणून हे पत्रक लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः एमजीबी या गाडीची घेतली आहेत. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार झाली आणि तिचे सुटे भाग व तांत्रिक माहिती आजही चांगल्यापैकी मिळते, त्यामुळे तिच्यावरून इतर गाड्यांचेही काम समजून घेणे सोपे जाते.

गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी

गाडी सुरू होते का, हे पाहण्याचा मोह कृपया आवरावा. बॅटरी जोडून सेल्फ मारणे हा बऱ्याच वर्षांनी उभ्या गाडीचे सर्वाधिक नुकसान करणारा प्रकार आहे. इतक्या काळात सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल निथळून गेलेले असते, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत शिरून बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर, गंज धरलेला असतो आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजाला चिकटलेल्या असतात. अशा स्थितीत जोर लावून इंजिन फिरवले, तर रिंगा तुटतात किंवा बोअरवर ओरखडे उमटतात आणि जे इंजिन केवळ स्वच्छ करून चालले असते, ते पूर्ण खोलावे लागते. आम्ही आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये भेदक तेल सोडतो, ते मुरू देतो आणि त्यानंतर इंजिन हाताने, पान्याने, सावकाश फिरवून पाहतो.

विजेच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. शिवाय १९७४ पर्यंतच्या गाड्यांत बारा व्होल्टची एक बॅटरी नसून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागच्या खणात एकापुढे एक जोडलेल्या असत. ही रचना ठाऊक नसलेल्या माणसाने आजच्या सवयीने बॅटरी लावली, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमधून धूर निघायला वेळ लागत नाही.

गाडी टोचन लावून आणू नये. ब्रेक चाकांना धरून बसलेले असतात, टायर बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून तडकलेले असतात आणि आऱ्यांच्या चाकांत कोणता आरा गंजला आहे, हे वरून कळत नाही. सपाट पाट्याच्या ट्रकची व्यवस्था आम्ही करतो. गाडी धुऊ नये, आतील काहीही टाकून देऊ नये. फाटलेले आसन, कडक झालेले रबर, डब्यात गोळा केलेले स्क्रू, हातमोज्यांच्या कप्प्यातल्या पेट्रोलच्या पावत्या, हे सारे आम्हाला हवे असते. नवा भाग मूळ भागासारखा आहे का, हे ताडून पाहायला जुना, मोडका भागच उपयोगी पडतो.

पहिला निर्णय आपला

तपासणीनंतर आम्ही आपल्याला छायाचित्रांसह लेखी अहवाल देतो आणि मग एकच प्रश्न विचारतो : गाडी कशासाठी हवी आहे? रविवारी सकाळी गंगापूर रस्त्याने फेरफटका मारण्यासाठी, रॅलीत नेण्यासाठी, की प्रदर्शनात नव्यासारखी उभी करण्यासाठी? या तिन्हींचे काम, खर्च आणि कालावधी वेगवेगळा आहे. आमचे मत आम्ही स्पष्टपणे सांगतो. जो भाग सुस्थितीत आहे, तो मूळ स्वरूपात ठेवावा. फिकट झालेला पण मूळचा रंग, सुरकुत्या पडलेले पण न फाटलेले चामडे, स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या पिवळसर झालेल्या तबकड्या यांना आम्ही सहसा हात लावत नाही. रंग पूर्णपणे नव्याने द्यायचाच असेल, तर दाराच्या आतल्या अस्तरामागे किंवा डॅशबोर्डखाली मूळ रंगाचा तुकडा शोधतो आणि त्याच्याशी ताडून घेतो. एमजी गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जतन केलेल्या आहेत आणि चेसिस क्रमांक कळवून रीतसर शुल्क भरल्यास तेथून प्रमाणपत्र मिळते. आपल्या गाडीचा मूळ रंग कोणता होता, याबद्दल घरात दोन मते असतील, तर असे प्रमाणपत्र मागवणे उत्तम.

दारांखालचा पत्रा

या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. पत्र्याची संपूर्ण काया हीच तिची चेसिस आहे. छप्पर नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे काम मुख्यतः दारांखालच्या पोकळ पट्ट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. सिलच्या आत उभा पत्रा असतो, खाली आणखी एक जोड असतो, आणि गंज धरतो तो आतून, जेथे चिखल व ओल साचते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलवर नुसती पुट्टी भरून रंग फासलेला असतो, हे आम्ही अनेक गाड्यांत पाहिले आहे. त्यामुळे चुंबक फिरवून आणि टोकदार हत्याराने चाचपून आम्ही प्रत्येक इंच तपासतो. दार बंद केल्यावर त्याच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा खाली अरुंद आणि वर रुंद असेल, तर गाडी मधून वाकली आहे, असा संशय घ्यावा.

सिल बदलणे हे सर्वांत जोखमीचे काम आहे. दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापले किंवा गाडीला योग्य जागी आधार दिला नाही, तर काया स्वतःच्याच वजनाने वाकते आणि त्याच अवस्थेत वेल्डिंग झाले की दारे पुन्हा कधीही नीट बसत नाहीत. आम्ही दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करतो, एका बाजूचे काम पूर्ण करूनच दुसरी बाजू उघडतो आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट मोजतो. हे काम रेंगाळते, आणि त्यात घाई करण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबीची संपूर्ण नवी काया तयार करून विकते, त्यामुळे काही ग्राहक जुनी काया बाद करून नवी मागवावी का, असे विचारतात. तांत्रिकदृष्ट्या तो सोपा मार्ग आहे. परंतु नोंदणीच्या दृष्टीने त्याचा परिणाम होऊ शकतो, तो पुढे सांगितला आहे.

हौशी मंडळींचा सहभाग

आपल्या देशात अशा गाड्या फार थोड्या आल्या, कारण त्या काळी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परिणामी त्यांच्याविषयीचे ज्ञान कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नसून, ज्यांनी स्वतःची गाडी स्वतःच्या हातांनी खोलली आणि जोडली, अशा मोजक्या लोकांकडे आहे. नाशिक, पुणे, मुंबई या शहरांतील अशा मंडळींशी आमचा अनेक वर्षांचा स्नेह आहे. त्यांच्याशिवाय आम्ही हे काम करू शकलो नसतो, आणि हे आपल्याला सांगणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण आपल्या गाडीत त्यांचाही वाटा असणार आहे.

हा वाटा नाना प्रकारचा असतो. कोणाकडे मूळ कार्यशाळा-पुस्तिका असते. कोणाच्या गाडीचे कापडी हूड शाबूत असते आणि त्याची घडी कशी पडते, सांगाडा कोठे वाकतो, हे मोजमाप घेण्यासाठी ते आपली गाडी आमच्या दारात आणून उभी करतात. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका एसयू बनावटीच्या कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, थ्रॉटलच्या दांड्याला नवे बुश बसवून देतात. हा दांडा झिजला की हवा आत गळते आणि गाडी मंद गतीवर कधीच स्थिर राहत नाही, मग ट्यूनिंग कितीही करा. आट्यांबाबतही त्यांचाच सल्ला आम्ही प्रमाण मानतो. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापातले आहेत. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की डोकी गोल होतात, आणि जबरदस्तीने दुसऱ्या मापाचा बोल्ट पिळला की आटे कायमचे जातात. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा चोरबाजारात एखादा भाग दिसला, तर तो खरा आहे का, हे फोनवरून छायाचित्र पाहून सांगणारे जाणकारही याच मंडळींत आहेत. जो भाग येथे मिळत नाही, तो मागवताना परदेशातील एमजी क्लबांच्या सभासदांचा अनुभवही कामी येतो. एमजी कार क्लबची स्थापना १९३० सालची आहे आणि कोणत्या पुरवठादाराचे रबर टिकते, कोणाचे वर्षभरात तडकते, हे अशा जुन्या सभासदांइतके कोणी सांगू शकत नाही.

तथापि स्नेहाच्या कामातही जबाबदारी स्पष्ट असावी, असे आमचे धोरण आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चाके, इंधनाच्या नळ्या आणि वेल्डिंग ही कामे केवळ आमचे कारागीर करतात आणि त्यांची हमी आम्ही देतो. बाहेरील कोणतीही व्यक्ती आपली गाडी रस्त्यावर चालवत नाही. नमुन्यासाठी उसना आणलेला प्रत्येक भाग वहीत नोंदवला जातो आणि काम झाल्यावर परत जातो. ही मंडळी मोबदला मागत नाहीत. त्यांच्या प्रवासाचा व सामानाचा प्रत्यक्ष खर्च मात्र बिलात स्वतंत्र दाखवला जातो, त्यावर आम्ही काहीही आकारत नाही. आपल्या गाडीला इतर कोणी हात लावू नये, अशी आपली इच्छा असल्यास तसे आधी सांगावे. आम्ही तिचा आदर करू. पण शक्य असेल तर एखाद्या रविवारी आपण स्वतः यावे आणि या मंडळींना भेटावे, असा आमचा आग्रह राहील. पुढे गाडी आपल्याला सांभाळायची आहे, आणि तेव्हा हीच माणसे आपल्या उपयोगी पडतील.

पेट्रोल, ब्रेक आणि उष्णता

ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवली होती, तर आपल्याकडे २००० सालापासून देशभर केवळ शिसेविरहित पेट्रोल मिळते. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकींना मिळणारे संरक्षण गेल्याने बिडाच्या हेडमधील, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातील, बैठकी हळूहळू झिजतात. म्हणून हेड उघडले असता कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर फुगवते आणि हवेतील ओल शोषते, म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचे पडदे व कार्बोरेटरमधील सील इथेनॉलला टिकणारे बसवतो. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. ब्रेक ऑइलही ओल शोषते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा त्यांची धूळ घरी फुंकून किंवा झटकून काढू नये. इंजिनसाठी २० डब्ल्यू ५० या दर्जाचे ऑइल योग्य ठरते.

चाचणी आधी त्र्यंबक रस्त्यावर आणि समाधान झाल्यावर कसारा घाटात घेतो. घाटात इंजिन तापते का, हे मे महिन्याच्या दुपारी जसे कळते, तसे सपाट रस्त्यावर कळत नाही.

कागदपत्रे

गाडी दिवंगत वडिलांच्या नावे असेल, तर प्रथम फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावे करून घ्यावी. काम संपेपर्यंत थांबू नये. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि काया, चेसिस व इंजिनात मोठा बदल न झालेली वाहने त्यांत बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच परवानगी असते. तेव्हा आपल्याला गाडी नियमितपणे चालवायची असल्यास नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करणे श्रेयस्कर. संपूर्ण नवी काया बसवण्याचा विचार असेल, तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करूनच पुढे जावे.

खर्च आणि गाडीचा ताबा

संपूर्ण कामाचा एकरकमी अंदाज आम्ही देत नाही, कारण पत्रा उघडल्याशिवाय आत काय आहे, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. काम टप्प्यांत विभागलेले असते, प्रत्येक टप्प्याचा अंदाज लेखी मिळतो आणि आपल्या सहीशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. परदेशी भागांवरील जकात व वाहतूक खर्च मूळ पावत्यांनुसार आकारला जातो. कोणत्याही टप्प्यावर काम थांबवून गाडी घरी नेण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्या वेळी सुटे केलेले भाग चिठ्ठ्या लावून, पेट्यांत भरून परत मिळतील.

ताबा देताना गाडीसोबत कामाची छायाचित्रे, वापरलेल्या भागांच्या पावत्या, वायरिंगचा आराखडा आणि काढून टाकलेले सर्व मूळ भाग दिले जातात. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नये, तिच्याखाली ओल कोंडते. सुती आच्छादन वापरावे. पहिल्या ८०० किलोमीटरनंतर ऑइल बदलण्यासाठी आणि हेडचे नट पुन्हा तपासण्यासाठी गाडी आमच्याकडे आणावी. या तपासणीची मजुरी मूळ बिलात धरलेली असते. प्रथम भेटीला येताना आरसी बुक, जुने विमापत्र आणि गाडीची घरात असलेली जुनी छायाचित्रे सोबत आणावीत, कृष्णधवल असली तरी चालतील.