घशाचा कर्करोग : कारणे (कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भासह)

घशाचा कर्करोग : स्वरयंत्र व ग्रसनी (नाकामागून अन्ननलिकेपर्यंतचा घशाचा भाग) यांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग. बहुतेक गाठी शल्की (अस्तरातील चपट्या) पेशींच्या असतात. धूम्रपान हे त्याचे प्रमुख व निर्विवाद कारण आहे. इतर कारणांचे वजन मात्र गाठ घशाच्या कोणत्या भागात आहे त्यानुसार बदलते. स्वरयंत्र आणि अधोग्रसनी (ग्रसनीचा खालचा भाग) येथे धूर व मद्य यांचा वाटा मोठा असतो. मुखग्रसनीत (टॉन्सिल, जिभेचे मूळ) त्यांच्या जोडीला मानवी पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार, येतो. नासाग्रसनीच्या (नाकामागच्या भागाच्या) कर्करोगाचा संबंध मुख्यतः एपस्टाइन-बार विषाणूशी आहे.

संघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये मुंबईतील रुग्णांवरून तंबाखू ओढणे आणि चघळणे यांची तुलना प्रसिद्ध केली. चघळण्याचा संबंध मुखपोकळीशी अधिक, तर ओढण्याचा घशाशी अधिक, ही विभागणी पुढील भारतीय अभ्यासांतही स्थूलमानाने टिकली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) १९६४ च्या अहवालाने पुरुषांतील स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी सिगारेटला कारण ठरवले. तंबाखू आणि मद्य एकत्र असता धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो, याबद्दल अभ्यासकांत एकमत आहे.

वाद आहे तो पॅपिलोमा विषाणूच्या वाट्याचा. पाश्चात्त्य देशांत मुखग्रसनीच्या कर्करोगात हा वाटा मोठा आढळतो. भारतीय अभ्यासांतील आकडे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. ऊतीत विषाणूचे डीएनए सापडले एवढ्यावरून त्यानेच रोग घडवला असे ठरत नाही. या विषाणूमुळे पेशीत वाढणाऱ्या पी१६ या प्रथिनाची चाचणीही एकटी पुरेशी नसते, कारण ते प्रथिन विषाणूविनाही वाढलेले असू शकते. ई६ व ई७ या विषाणुजनुकांचा आरएनए (जनुके कार्यरत असल्याची खूण) दाखवणारी चाचणी अधिक विश्वसनीय, पण ती सर्वत्र होत नाही. त्यामुळे भारतातील रुग्णांत तंबाखूचा वाटाच मोठा मानणारा पक्ष सध्या अधिक ग्राह्य वाटतो.

कोल्हापूर परिसर : मोगल बादशहा अकबराचा दूत असद बेग याच्या वृत्तांतावरून सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात तंबाखू मिळत होती. पन्हाळ्याचा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच असल्याने ती इकडेही त्याच सुमारास आली असावी. कागलला लागून असलेली निपाणी (जि. बेळगाव) पुढे विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली. विडीत पान आणि तंबाखूच, म्हणून ती सौम्य, हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानाची विडी मधेच विझते. ती पेटती राहावी म्हणून ओढणारा वरचेवर आणि जोराने झुरके घेतो. परिणामी तंबाखू थोडी असूनही शरीरात जाणारे डांबर व निकोटीन सिगारेटपेक्षा कमी नसते.

ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये मशेरीची सवय जुनी आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून तिची पूड हिरड्यांना चोळतात. सुपारी, चुना व तंबाखू मळून केलेला मावा तरुणांत अधिक चालतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी मावा टपरीवर हाताने मळून देता येत असल्याने तो चालूच राहिला. या सवयींचा मुख्य आघात तोंडावर होतो. एकच व्यक्ती चघळणारी व ओढणारी असली, की घशाच्या रोगात कोणती सवय किती कारणीभूत हे वेगळे काढणे अवघड जाते.

तांबड्या रश्शाच्या तिखटाने घशाचा कर्करोग होतो या लोकसमजुतीला भक्कम पुरावा नाही. आम्लपित्त वर चढण्याच्या विकाराबाबतही निष्कर्ष अनिश्चित आहेत. ॲस्बेस्टॉस आणि सल्फ्युरिक आम्लाचे तुषार यांचा स्वरयंत्राच्या कर्करोगाशी संबंध मान्य झाला आहे.

धूम्रपान सोडल्यावर धोका काही वर्षांत उतरू लागतो. दीर्घकाळ ओढणाऱ्यांत मात्र तो कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा बरीच वर्षे जास्त राहतो.