नवतपा, कूलर आणि मांजराची जीभ

नागपूरच्या घरात मांजर असेल, तर ते कुठे आणि कसं झोपतं याचे फोटो वर्षभर काढत राहावेत. जानेवारीचे आणि मे महिन्याचे फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी लावले, की त्याचं शरीर उष्णतेशी कसं झुंजतं ते डोळ्यांना दिसतं.

आमच्या भुरीच्या जानेवारीतल्या फोटोंत पाय पोटाखाली, शेपटी नाकावर आणि अंगाचं मुटकुळं असतं. हवा लागणारा अंगाचा भाग जितका कमी, तितकी ऊब कमी निसटते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तीच भुरी मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर पोट टेकवून लांबलचक पसरते. पोटावरचे केस विरळ असल्याने तिथून उष्णता फरशीत उतरते. घरातली सगळ्यात गार फरशी कोणती, हे माणसांच्या आधी तिला कळलेलं असतं.

मांजर मुळात उन्हाचंच लेकरू. आजची सगळी घरगुती मांजरं आफ्रिकी-आशियाई रानमांजराच्या वंशातली, कोरड्या प्रदेशातून आलेली. त्यांच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, आणि आपल्याला नकोशी होणारी तिशीपुढची हवा त्यांना सुखाची वाटते. खरी पंचाईत पुढे होते. पारा 45 ला टेकला की हवा अंगापेक्षा गरम होते आणि उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत शिरायला लागते. अशा वेळी गार फरशीखेरीज शरीराकडे एकच उपाय उरतो: पाणी उडवून गारवा मिळवणं.

माणूस सर्वांगाला घाम आणून हे साधतो. मांजराला तशा घामाच्या ग्रंथी फक्त तळव्यांच्या गाद्यांवर असतात. एका दुपारी भुरी स्वयंपाकघरातल्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरून चालत गेली आणि मागे ओले ठसे उमटले: मधली तीन कंगोऱ्यांची गादी, तिच्यापुढे चार बोटं. फोटो काढेपर्यंत पहिला ठसा कडेने वाळायलाही लागला होता. एवढ्याशा घामाने अख्खं अंग काय थंड होणार? म्हणून मग जीभ कामाला लागते.

मांजराची जीभ खरखरीत का असते, याचं सुरेख उत्तर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 साली दिलं. जिभेवरच्या काट्यांच्या टोकाला पोकळ खाच असते. तिच्यात लाळ आपोआप ओढली जाते आणि चाटताना ती वरवरच्या केसांवर न राहता थेट कातडीजवळ पोहोचते. तिथून ती उडाली की अंग निवतं. मांजराला लागणाऱ्या गारव्याचा सुमारे चतुर्थांश भाग यातून मिळू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. उन्हाळ्यातल्या फोटोंत मांजर सारखं अंग चाटताना दिसतं, त्यामागे स्वच्छतेइतकंच हेही कारण आहे.

खिडकीतला कूलर वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून हवा ओढतो, तेव्हा तोही हेच करत असतो. विदर्भाची मे महिन्यातली हवा कोरडीठाक असते, म्हणून दोघांचंही निभावतं.

उडालेलं पाणी भरून काढावं लागतं, आणि इथे मांजर कमी पडतं. त्याला तहान कमी लागते. मूत्रपिंडं लघवी घट्ट करून पाणी वाचवतात. पाणी पितानाचा व्हिडिओ मोबाइलच्या स्लो मोशनवर जरूर काढा. 2010 साली अमेरिकी संशोधकांनी असंच वेगवान चित्रण केलं, तेही त्यांच्यातल्या एकाच्या घरच्या मांजराचं. जिभेचं मागे वळलेलं टोक पाण्याला नुसतं टेकतं, झटक्याने वर जातं, त्यासोबत पाण्याचा बारीक स्तंभ उठतो आणि तो कोसळायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा! प्रत्येक वेळी पोटात जातं ते थेंबभरच. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवावीत आणि खाणं ओलसर द्यावं. घट्ट झालेली लघवी अडूही शकते; बोका लघवीला बसतोय पण होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावं.

जूनमध्ये मात्र खेळ बिघडतो. पाऊस पडायच्या आधी हवेत दमटपणा येतो, कूलर नुसता चिकचिकाट करतो आणि मांजराची लाळही नीट उडत नाही. पंख्याचा वारा आपला घाम वाळवतो. अंगाला घामच न येणाऱ्या मांजराला त्याचा फारसा उपयोग नाही. पारा उतरलाय म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हाच त्याच्यावर जास्त लक्ष हवं. कुत्र्याचं धापा टाकणं रोजचं असतं, मांजराचं नसतं. ते तोंड उघडून धापा टाकताना दिसलं, तर मोबाइल खाली ठेवा. साध्या पाण्याने पंजे, कान आणि पोट ओलं करा, बर्फ लावू नका, आणि जवळच्या पशुवैद्याकडे किंवा नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला निघा.